नकाशा खोटा नाही, मुक्ता

चि. मुक्तास,

तुझा फोटो काल संध्याकाळी आला आणि तुझ्या मामाने तो चष्मा पुसपुसून आठ वेळा पाहिला. उजनीच्या भेगाळलेल्या गाळातून वर आलेलं घडीव दगडांचं अर्धवर्तुळ, एका बाजूला मोटेच्या दोराने घासून घासून पडलेली खाच. मामीने दोनदा चहा गरम केला. आणि त्याखाली तू काय लिहावंस? "विहीर सापडली, पण नकाशा खोटा आहे. फोनवरचा ठिपका शंभर मीटर बाजूला पडतोय."

खोटा! ज्या माणसाने तीस वर्षं बांधाबांधावरून मोजणीची साखळी ओढली, त्याच्या भाचीने असा शब्द वापरावा? तुला लहानपणी शिकवलं होतं, तेहतीस फुटांची एक साखळी, साखळी लांब साखळी रुंद तो गुंठा. ते पाठ आहे ना अजून? की तेही फोनला विचारतेस?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं आहे. तुझा हा नकाशा, म्हणजे ही एक इंची शीट, जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बसवलेली आहे. तुझा फोन उपग्रहांसाठी ठरवलेला दुसराच आकार धरतो. म्हणून शीटवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे फोनात घातले की आपल्या भागात शे-सव्वाशे मीटरचा फरक पडतो. एवढ्यावर सुटलीस हे नशीब समज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, ज्यावरून नकाशांचे रेखांश मोजत त्या मद्रासच्या वेधशाळेचाच रेखांश अडीच मिनिटांनी जास्त धरला जाई. तसली शीट हातात असती तर चार किलोमीटर पूर्वेला विहीर धुंडाळत बसली असतीस. हे सगळं शीटच्या समासात ओळखता येतं. पाहणीचं साल वेगळं, छपाईचं वेगळं, दोन्ही तिथे असतात. पण समास वाचायचा कंटाळा तुला शाळेपासून आहे.

बरं, ठिपका पाण्यात पडतो तेव्हा दोष आकाराचाही नसतो. नकाशा त्याच्या सालाशी प्रामाणिक आहे. त्यानंतर उजनीचं धरण झालं त्याला तो काय करणार? डिकसळचंच घे. जीआयपी रेल्वेची गाडी १८५८ साली पुण्याहून डिकसळपर्यंत आली, पुढच्या वर्षी बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत. जुन्या '४७ जे' शीटांवर तो लोहमार्ग भीमेवरून सरळ जाताना दिसतो. आज रूळ तिथे नाहीत. धरणामुळे गाडीची वाट बदलली आणि त्या दगडी पुलावरून पुढे कित्येक वर्षं ऊस, दूधगाड्या आणि एसट्या ये-जा करत राहिल्या. मामाने तो पूल पहिल्यांदा ओलांडला तेव्हा त्याच्या खिशात शीट नव्हती. रस्त्याला एवढा रुंद, एवढा सपाट भराव कशासाठी, हे कोडं सुटायला वीस वर्षं लागली. शीट पाहिल्यावर एका क्षणात सुटलं, आणि मग रात्रभर झोप नाही. मामीला विचार.

आता एक काम कर. उजनीची पूर्ण संचय पातळी जवळजवळ ४९७ मीटर, म्हणजे १६३० फूट. जुन्या शीटवर समोच्च रेषा पन्नास-पन्नास फुटांनी आहेत. १६०० आणि १६५० या दोन तपकिरी रेषांच्या मधून, खालच्या रेषेपासून तीन पंचमांश अंतर धरून, पेन्सिलने हलक्या हाताने एक रेघ ओढ. रेघेच्या आतले लाल चौकोन मोज, देवळं मोज, निळे ठिपके मोज. हे सगळं बुडालेलं. पळसदेवचं देऊळ सोड, ते उन्हाळ्यात पाणी ओसरलं की सगळे बघायला जातात. तू विहिरी बघ, पांदीच्या तुटक रेषा बघ. दोन गावं जोडणारी पांद चिखलात उमटते तेव्हा दोन्ही कडांना दगड लागतात पायाला.

पण पेन्सिल फिरवून तुझं भागेल, याची मामाला धास्ती आहे. शीटवर विहीर असते, कोणाची ते नसतं. सर्व्हेवाल्याने नुसता निळा ठिपका दिला आणि खलाशाला पुढच्या टेकडीवर झेंडा घेऊन पिटाळलं. त्या खलाशांची नावं तरी कुठे आहेत? १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजणारा लॅम्बटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला, तिथे त्याची कबर आहे. त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरावर चढवणाऱ्यांचं काहीच नाही. असो, हे तू मागेही ऐकलं आहेस.

सांगायचं ते हे, की तू शोधलेल्या विहिरीला नाव होतं. थोरली, पाटलाची, चिंचेची, काहीतरी. गावठाण उठलं तेव्हा पंचविशीत असलेली माणसं आज सत्तरीत आहेत. शीटची प्रत घेऊन त्यांच्या ओट्यावर जा. आधी फोटो दाखवू नकोस, शीट दाखव. म्हातारी माणसं इंग्रजी अक्षरं वाचत नाहीत, पण नदीचं वळण बोटाने ओळखतात, आणि बोट तिथून हलतं ते थेट स्वतःच्या घरापर्यंत जातं. मामाने हे एकदाच पाहिलं, एका आजोबांच्या ओट्यावर. त्या आजोबांचं सांगणं उद्या लिहून घेऊ म्हणाला आणि उद्या राहिलाच. दसऱ्यानंतर गेला तर ओट्यावर फक्त काठी होती.

चिखलाचं मात्र नीट ऐक. फोटोत तुझ्या सलवारीला गुडघ्यापर्यंत गाळ आहे, म्हणजे तू एकटी उतरलीस. वरून वाळलेला, भेगा पडलेला गाळ आतून ओला असतो, आणि विहिरीचं तोंड गाळाने झाकलेलं असलं तर पाय कुठे जाईल त्याचा नेम नाही. एका विहिरीचा कठडा दिसला म्हणजे शेजारची दुसरी दिसेलच असं नाही. हातात लांब काठी हवी, बरोबर तिथला एखादा मासेमार हवा. त्यांना पाण्याखालचं गाव तुझ्या शीटपेक्षा जास्त ठाऊक असतं, जाळं कुठल्या भिंतीला अडकतं ते. वळवाचं आभाळ दिसलं की बाहेर. आता हे तुझ्या आईपासून लपवायचं म्हणजे मामाच्या जिवावर येतं.

पुढच्या रविवारी परत जाणार असशील तर शनिवारी रात्री फोन कर. मामा गाळात उतरणार नाही, गुडघे ऐकत नाहीत, पण काठावर शीट धरून बसेल. छत्री तुझी आण, इथली मोडली आहे.

तुझा
मामा

ता. क. आपलं होकायंत्र तुझ्याकडेच आहे ना? त्याची काच फुटली असेल तर आत्ताच सांग.