चिल्लरमधली चांदणी

रविवारी आमच्या रूमवर एक भन्नाट उद्योग चालतो. बँकेतून शे-दोनशेची चिल्लर आणायची, चादरीवर ओतायची आणि एकेक नाणं उलटंपालटं करून बघायचं. 1999 चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया किंवा 2007 चे लोकमान्यांचे पाच रुपये निघाले, की नुसता आरडाओरडा!

मला मात्र नाद लागला तो सालाखालच्या खुणेचा. चौकट म्हणजे मुंबईची टांकसाळ, टिंब म्हणजे नोएडा, चांदणी म्हणजे हैदराबाद आणि काहीच नसेल तर कोलकाता.

सुट्टीत सेलूला आजीला ती चांदणी दाखवली. तिने ट्रंकेतून चारमिनारचं चित्र असलेलं एक नाणं काढलं. "ही हाली गं. सात हालीला सहा कलदार, असा हिशेब असायचा."

आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं! आपली परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. हाली रुपया पडायचा त्याच्या हैदराबादच्या टांकसाळीत. 1950 मध्ये ती भारत सरकारकडे आली, पुढे जागाही बदलली. तिचीच खूण ही चांदणी. म्हणजे आजीचं नाणं आणि माझं नाणं एकाच माहेरचं!

मैत्रिणी म्हणतात, "ऑनलाइन विक, लाखो मिळतील." जुन्या नाण्यांच्या नावाखाली आधी फी उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनेच 2021 मध्ये सांगितलंय. आणि आजीची हाली विकायची तरी कशाला?

मित्रांनो, दिवाळीत घरी गेलात की आजी-आजोबांना नक्की विचारा. हाली कळणारी माणसं आता थोडीच उरलीत.