पाठीला लागलेली माती

'निकाल' हा शब्द आपण परीक्षा, निवडणूक आणि न्यायालय यांच्या संदर्भात सर्रास वापरतो. कुस्तीत मात्र त्याला निराळे वजन आहे. निकाली कुस्ती म्हणजे एकाची पाठ जमिनीला लागल्याखेरीज जी संपत नाही ती. 'आसमान दाखवणे', 'चारी मुंड्या चीत करणे', 'लोळवणे' हे पराभवाचे मराठी वाक्प्रचार आखाड्यातून आले आणि त्यांपैकी एकातही आकडा नाही. 'सहा विरुद्ध चार अशा फरकाने त्याला आसमान दाखवले' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण मराठी कानाला ते विनोदी वाटते. आसमान एक तर दिसते किंवा दिसत नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांनी चालणारी गादीवरची कुस्ती मात्र या दोहोंच्या मधल्या प्रदेशात घडते. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून त्याच्या मागे जाऊन ताबा मिळवला तर २ गुण. खालचा सुटून वर आला तर त्याला १. गादीच्या वर्तुळाबाहेर पाऊल पडले तर समोरच्याला १. पाठ गादीशी नव्वद अंशांहून कमी कोन करू लागली की ती 'धोक्यात' आली असे मानतात आणि वरच्याला २ गुण मिळतात. उभ्याने टाकलेल्या डावाने थेट तशी अवस्था आली तर ४, आणि हवेत मोठी कमान घेऊन आपटले तर ५. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की तांत्रिक श्रेष्ठतेवर लढत संपते. ग्रीको-रोमनमध्ये त्यासाठी आठ गुण पुरतात. पंचाच्या डाव्या मनगटावर लाल आणि उजव्या मनगटावर निळी पट्टी असते. ज्या रंगाच्या मल्लाला गुण द्यायचे तो हात वर करून तो बोटांनी आकडा दाखवतो. एका अर्थाने ही 'जवळजवळ'ची मोजणी आहे. मातीत 'जवळजवळ चितपट' याला किंमत नव्हती. गादीवर तिला दर ठरवून दिला आहे.

मराठीचा अध्यापक म्हणून उत्तरपत्रिका तपासताना मी नेमके हेच करत असतो. त्यामुळे या पद्धतीबद्दल मला तिरस्कार वाटण्याचे कारण नाही. पण आमच्या घरात ती वादाचा विषय झाली.

माझे वडील, अण्णा, कराड तालुक्यातले. तरुणपणी जत्रांतून कुस्त्या केल्या आणि पुढे पोटासाठी मुंबईकडे येऊन नालासोपाऱ्यात स्थिरावले. त्यांची नात, म्हणजे माझी पुतणी, शाळेत असल्यापासून गादीवर सराव करते. वसईतल्या एका सभागृहात तिची लढत होती आणि अण्णा हट्टाने आले होते. तिच्या वयोगटात दोन-दोन मिनिटांचे दोन भाग असतात. पहिल्या भागात तिने पट काढून २ गुण घेतले. पुढे बराच वेळ काही घडले नाही. शेवटची काही सेकंद उरली असताना समोरच्या मुलीने तिला खाली आणले. दोन-दोन. शिटी वाजली आणि पंचाने हात उचलला तो समोरच्या मुलीचा.

"पाठ लागली का तिची? न्हाई ना? मग हारली कशी?" अण्णांनी मला विचारले. आवाज असा होता की आजूबाजूच्या चार पालकांनी वळून पाहिले.

मी नियम सांगितला. गुण समान असतील तर प्रथम पाहायचे की अधिक मोलाचा डाव कोणाचा. तेही समान असेल तर ताकिदी कोणाला कमी. आणि तेही समान असेल तर शेवटचा गुण कोणी घेतला. येथे दोघींचा एकेक दोन गुणांचा डाव आणि ताकीद कोणालाच नाही, म्हणून शेवटचा गुण निर्णायक. अण्णांना हे पटले नाही. "दोघींनी एकमेकींना एकेकदा पाडलं. ही बरोबरीत सोडवायची कुस्ती." आधी पाडणे आणि नंतर पाडणे यांत फरक कसला, हा त्यांचा प्रश्न. कथा शिकवणाऱ्याला खरे तर याचे उत्तर यायला हवे. शेवटच्या वाक्याला आपण सगळे वाजवीपेक्षा जास्त गुण देत आलो आहोत. तरी नियमकर्त्यांनी शेवटाला तिसऱ्या क्रमांकावर ठेवले आणि डावाच्या मोलाला पहिल्या, ही गोष्ट मला आपल्या कित्येक समीक्षकांपेक्षा शहाणपणाची वाटते.

घरी आल्यावर काही संध्याकाळी मी अण्णांना इंग्रजी नियमावली मराठीत सांगत बसलो. अनुवादाच्या दृष्टीने तो अनुभव विलक्षण होता. सभागृहात सगळे 'टेकडाउन', 'पॉइंट', 'पॅसिव्हिटी' असेच बोलतात. पॅसिव्हिटीला मी 'निष्क्रियता' म्हणालो तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. 'नुसती खडाखडी केली तर' म्हणताच ते सावरून बसले. निष्क्रिय मल्लाला आधी ताकीद मिळते, मग तीस सेकंद दिली जातात, त्या अवधीत कोणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला १ गुण, हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, की एका जत्रेत त्यांची जोड लागली होती, दोघांनी अर्धा तास खडाखडी केली, पंचांनी बरोबरीत सोडवली आणि इनाम दोघांत वाटले गेले. तसे ते आधीच ठरले होते. नूरा कुस्ती हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, मीही उच्चारला नाही. निकाली कुस्तीच्या शुद्धतेबद्दल आपण जे हळवेपणाने बोलतो त्यात ही बरोबरी नेहमी वगळलेली असते. गुणांची पद्धत या बरोबरीला जागाच ठेवत नाही.

वजनाच्या बाबतीत मात्र ते ऐकेनात. जत्रेत पंच दोन गड्यांना शेजारी उभे करून नजरेने जोड लावत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचली आणि त्या दिवशी सकाळी ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम अधिक भरल्याने अपात्र ठरली. तिचा क्रमांक थेट शेवटचा लागला. "शंभर ग्राम म्हंजे एक लंगोट बी न्हाई," एवढेच अण्णा म्हणाले.

या संदर्भात खाशाबा जाधवांची आठवण होणे अपरिहार्य आहे, आणि आमच्या घरी तर ती कराडकडच्या माणसाच्या हक्काने होते. गोळेश्वरच्या खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात, कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या वेळची गुणपद्धती आजच्या अगदी उलट होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तेव्हा मिळत ते दोषगुण. प्रतिस्पर्ध्याला चितपट केले तर शून्य. गुणांवर जिंकलात तरी १ दोषगुण. पंचांच्या निर्णयाने हरलात किंवा चितपट झालात तर ३. पाच दोषगुण झाले की स्पर्धेबाहेर. म्हणजे जिंकूनही तुमच्या नावावर थोडा डाग राहात असे. निष्कलंक राहायचे तर समोरच्याची पाठच टेकवावी लागे. कराड-कोल्हापूरच्या मातीतून गेलेल्या मल्लाला ही पद्धत परकी वाटली नसावी. हे ऐकून अण्णा खूश झाले. "हे बराबर हाय," म्हणाले.

दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, तो खाशाबांच्या बाबतीत पाळला गेला नाही आणि त्यांची बाजू मांडायला भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. नियम छापलेला असून भागत नाही. वेळेवर तो उच्चारणारे कोणी लागते. त्याच ५७ किलो गटात २०२१ मध्ये टोकियोत रवी दहिया उपांत्य फेरीत २-९ असा मागे होता आणि अखेरच्या क्षणी त्याने प्रतिस्पर्ध्याला चितपट केले. फलकावरचे सगळे आकडे एका क्षणात निरर्थक ठरले. आधुनिक नियमावलीने जुनी कुस्ती आपल्या पोटात अशी जिवंत ठेवली आहे.

अर्थात चितपट तरी निर्विवाद असते का? २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात शिवराज राक्षे यांना पंचांनी चितपट ठरवले आणि पृथ्वीराज मोहोळ विजयी झाले. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, हा राक्षे यांचा आक्षेप. प्रकरण पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेले आणि तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला माती विभागात महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांना मारलेल्या बाहेरच्या टांगेला ४ गुण दिले ते योग्य की अयोग्य, यावर महाराष्ट्र कित्येक दिवस भांडत होता. पाठ किती अंशांनी वळली, हा त्या भांडणाचा विषय. तेही मातीच्या आखाड्यात!

मला यातली एकच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हौद्यात हरलेला मल्ल उठतो तेव्हा त्याच्या पाठीला माती लागलेली असते. पुरावा तो स्वतःच्या अंगावर घेऊन चालतो. आक्षेप आला तर लोक पाठ पाहतात. गादी असा कोणताही पुरावा ठेवत नाही. मल्ल उठला की त्याची पाठ कोरी. म्हणूनच गादीवर एकाच्या जागी तीन पंच लागले, चित्रफीत लागली, फेरतपासणीची मागणी फसली तर समोरच्याला १ गुण हा दंड लागला. नियमावली जाड झाली याचे कारण माणसे अधिक लबाड झाली हे नव्हे. मातीचे काम कागदावर आले. (वसईचा किल्ला मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला तोही तहाच्या कलमांनी, पोर्तुगीज सन्मानाने शस्त्रांसह बाहेर पडले. त्यांच्या पाठीलाही माती लागली नाही, असे अण्णांना सांगितले तेव्हा ते हसले.)

आणि याच कागदामुळे माझी पुतणी कुस्ती खेळू शकते, हेही नोंदवले पाहिजे. अण्णांच्या काळच्या जत्रेत तिची जोड लागलीच नसती. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये २००४ साली आली आणि महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा २०२३ साली सांगलीत झाली, ती प्रतीक्षा बागडीने जिंकली. अण्णांपुढे हे मी एकदाच बोललो, पुन्हा बोलण्याची गरज पडली नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला मोठ्या कमानीच्या डावाचा नियम पुन्हा वाचायला लावला. "म्हंजे ढाकेला किती?" मी म्हटले, उभ्याने थेट पाठीवर आली तर चार, उंच उचलून टाकली तर पाच. त्यांनी बोटांवर हिशेब केला. दोन-दोनला चार भारी, मग शेवट कोणाचाही असो. संध्याकाळी मी महाविद्यालयातून परतलो तेव्हा दिवाणावरची गादी खाली अंथरलेली होती, टीपॉय स्वयंपाकघरात गेला होता आणि पंच्याहत्तरीतले अण्णा नातीला तिचा डावा हात कुठून घालायचा ते दाखवत होते.