लोड घेऊ नकोस!

मंडळी, आपल्या हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द कोणता? तुम्ही म्हणाल 'मेस', नाहीतर 'सबमिशन'. माझ्या मते तो 'लोड'. जर्नल अपूर्ण आहे? लोड घेऊ नको. व्हायवाला कडक एक्स्टर्नल आलेत? लोड घेऊ नको. तिने मेसेजला उत्तर दिलं नाही? अरे, तिचा कसला लोड घेतोस! शब्द इंग्रजी, क्रियापद मराठी, आणि अर्थ... तो मात्र डिपार्टमेंटगणिक बदलतो.

सुरुवात सिव्हिलवाल्यांपासून करू, कारण बाकीचे सगळे त्यांच्याच स्लॅबवर उभे आहेत. त्यांच्याकडे डेड लोड आणि लाइव्ह लोड असे दोन सख्खे भाऊ. डेड लोड म्हणजे इमारतीचं स्वतःचं वजन. लाइव्ह लोड म्हणजे तुम्ही, आम्ही, आपल्या खाटा आणि पलंगाखालच्या ट्रंका. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) हॉस्टेलच्या खोलीला दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो लाइव्ह लोड धरलाय. १२ चौरस मीटरच्या खोलीत झाले २४०० किलो. साठ किलोचा एक गडी धरला तर चाळीस जण! वाढदिवसाच्या रात्री जमणारी गर्दी पाहता, कोड लिहिणारे कधीतरी हॉस्टेलमध्ये राहिलेले असावेत. पण खरी गंमत पुढेच आहे. सव्वाशे मिलिमीटर जाडीच्या आरसीसी स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला ३ किलोन्यूटनच्या वर जातं. म्हणजे त्या चाळीस पोरांपेक्षा स्लॅबला स्वतःचाच लोड जास्त! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इलेक्ट्रिकलमध्ये लोड म्हणजे वजन नाही, भूक. पंखा, ट्यूबलाइट आणि रेक्टर सरांची नजर चुकवून लावलेली कॉइल, हे सगळे लोड. २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात काढली, त्यांना 'लोडशेडिंग' शिकवायची गरज नाही. भूक पुरवठ्यापेक्षा वाढली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरू लागते. तेव्हा थोडा लोड उतरवला नाही तर सगळं ग्रिडच झोपतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला देशाने असा एक प्रकार पाहिला. एक लाइन ट्रिप झाली, तिचा भार शेजारच्या लाइनींवर गेला, मग त्याही एकेक करून ट्रिप झाल्या. दुसऱ्या दिवशी तर ६० कोटींहून जास्त लोकवस्तीच्या भागातली वीज गेली. एकाने सोडलेला भार हवेत विरत नाही, शेजाऱ्याच्या डोक्यावर बसतो.

मग लोड नसलेलाच बरा? छे! मशीन लॅबमध्ये पहिल्याच दिवशी बजावून सांगतात, की डीसी सिरीज मोटर बिनलोडची कधीच सुरू करायची नाही. तिच्यावर काहीच भार नसेल तर तिचा वेग वाढतच जातो आणि शेवटी ती स्वतःलाच मोडून घेते. सुट्टीत पंधरा दिवस घरी नुसतं लोळून आलेल्यांना हे पटेल.

वर्कशॉपमध्ये कट जरा जास्त दिला की लेथचा आवाज बदलतो आणि मामा लांबूनच ओरडतात, "लोड येतोय बघ!" कॉम्प्युटरवाल्यांचं सॉफ्टवेअर 'लोड' होतं, ते होईपर्यंत चहा होतो. हायवेवरचा ट्रकवाला 'लोड गाडी' म्हणतो तेव्हा ती भरलेली असते. आणि स्टाफरूममध्ये 'या सेमला माझा लोड जास्त आहे' असं ऐकू आलं तर तो तासांचा हिशेब असतो. (सर, मॅडम, हलके घ्या!)

या सगळ्या लोडांना एक गोष्ट लागू आहे. ते मोजता येतात. किलोन्यूटन, किलोवॅट, टन, तास, काही ना काही एकक आहेच. एकक नाही ते फक्त आपल्या हॉस्टेलच्या लोडला.

आमच्या विंगमध्ये सेकंड इयरचा एक जण होता. कधीही विचारा, "काय रे, कसं चाललंय?" उत्तर ठरलेलं, "नो लोड!" डिसेंबरच्या परीक्षेआधी त्याने मेसला येणं कमी केलं. दिवसा झोपायचा, रात्री गॅलरीत उभा राहायचा. येणारे-जाणारे पाठीवर थाप मारून म्हणायचे, "लोड घेऊ नको रे." तोही हसायचा.

एका रात्री त्याच्या पार्टनरने दार लावून घेतलं, फुलस्केप कागद पुढे ठेवला आणि म्हणाला, "किती लोड आहे ते लिही." बराच वेळ नुसतं पेन हातात. मग लिहिलं. दोन विषय बॅक. फीचा हप्ता राहिलाय. यंदा कापूस गेला. आणि शेवटी, बारीक अक्षरात, 'दादांना काहीच सांगितलेलं नाही.' बाकी सगळं लाइव्ह लोड होतं, येणारं-जाणारं. शेवटची ओळ हा त्याचा डेड लोड, आणि तोच सगळ्यात जड.

मग वाटणी झाली. एम-थ्री शिकवायला फायनल इयरचा एक जण तयार झाला. हप्त्यासाठी पार्टनर त्याच्याबरोबर ऑफिसात गेला, मुदत मिळाली. घरचा फोन मात्र त्याचा त्यालाच करायचा होता. पार्टनर फक्त शेजारी बसून राहिला. पलीकडून वडील क्षणभर गप्प होते, मग म्हणाले, "एवढंच ना? जेवलास का?"

त्या सेमला एकच विषय सुटला, दुसरा पुढच्या खेपेला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण तो दुसऱ्या दिवसापासून मेसला येऊ लागला.

स्ट्रक्चरच्या तासाला आपण बीमला 'लोड घेऊ नको' म्हणतो का? बीम लोड घेतो आणि कॉलमला देतो, कॉलम फूटिंगला, फूटिंग जमिनीला. याला म्हणतात लोड पाथ. आणि योगायोग बघा, जुन्या इंग्रजीत 'लोड' या शब्दाचा मूळ अर्थच होता वाट, प्रवास. ध्रुवताऱ्याला 'लोडस्टार' म्हणतात तो त्यातूनच आला. ओझं हा अर्थ नंतर चिकटला. भाराला वाट असली की तो पेलतो, वाट अडली की तडा जातो.

आपल्या मराठीत तर 'लोड' हा शब्द आधीपासून आहे, अगदी वेगळा. बैठकीवर पांढऱ्या गादीला लागून ठेवतात तो, गोल, लांब, कापसाने भरलेला. टेकण्यासाठी! इंग्रजी लोड उचलायचा, मराठी लोडाला टेकायचं. एका विंगमध्ये दोन्ही प्रकारचे हवेत.

तेव्हा मित्रांनो, कोणी 'नो लोड' म्हणालं तर लगेच पुढे जाऊ नका. 'लोड घेऊ नकोस' म्हणणं फुकट असतं. त्याऐवजी दोन मिनिटं बसा आणि विचारा, "किती आहे रे?"

आणि हो, जेवलाय का तेही विचारा.