डॅन्यूबकाठचे निशाचर शेजारी

इंगोलश्टाट म्हटलं की लोकांना आधी ऑडी आठवते. कारखाना इथलाच, आणि आमच्यासारखी अनेक भारतीय कुटुंबं त्याच्याच आधाराने इथे रुजलेली. म्युनिकहून गाव रेल्वेने साधारण तासाभरावर. तुम्ही एका दिवसासाठी आलात तर 1385 सालचा विटांचा क्रॉइत्सटोर दरवाजा बघाल, डॅन्यूबकाठचा राजवाडा बघाल. मेरी शेलीने आपल्या फ्रँकेन्स्टाइनला शिकायला याच गावच्या विद्यापीठात धाडलं होतं, हेही कोणीतरी सांगेल. हे सगळं बघाच. पण संध्याकाळची परतीची गाडी मात्र पकडू नका.

त्याऐवजी नदीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, पश्चिमेला चालू लागा. इथून नॉयबुर्गपर्यंत डॅन्यूबच्या दोन्ही अंगांना पूरमैदानातलं जंगल पसरलंय. एप्रिलमध्ये मी आणि नवरा तिथे फिरायला जातो. झाडांखाली रानलसणाची हिरवी चादर असते आणि वास असा, की कुणीतरी डाळीला फोडणी घातलीय असंच वाटावं. पायात बूट आणि पायघोळ पँट हवीच, कारण गवतात गोचीड असतात.

वाटेत तुम्हाला विळी-कोयता न लागता पडलेली झाडं दिसतील. बुंधा दोन्हीकडून कुरतडून मधे बारीक झालेला, टोक पेन्सिलीसारखं, खाली ढलप्यांचा ढीग. ही बीव्हरची कामगिरी. पहिल्यांदा गेलो तेव्हा साडेआठच्या सुमारास, उजेड विझता विझता, पाण्यावर एक तपकिरी डोकं सरळ रेघ ओढत आलं. नवरा पुटपुटला, "उंदीर?" म्हटलं, "एवढा?" पूर्ण वाढलेला बीव्हर पंचवीस-तीस किलोंचाही असतो. आमची चाहूल लागताच त्याने चपटी शेपटी पाण्यावर आपटली. घाटावर ओलं धुणं दगडावर आपटावं तसा आवाज. बाकीच्यांना इशारा देऊन स्वारी गडप.

या प्राण्याची कथा मोठी आहे. मऊ केसांच्या कातड्यासाठी आणि मांसासाठी माणसाने त्याला भरपूर मारलं. तो पाण्यात राहतो म्हणून मध्ययुगात त्याला माशात काढून उपवासाच्या दिवशीही खाल्लं जाई. एकादशी आणि दुप्पट खाशी फक्त आपल्याकडेच नाही! 1867मध्ये बव्हेरियातला शेवटचा बीव्हर संपला. 1966पासून निसर्गप्रेमींनी बाहेरून आणून सुमारे 120 बीव्हर इथल्या नद्यांत सोडले. आज बव्हेरियात ते वीस हजारांहून जास्त आहेत.

पण शेताच्या बांधावरून ही गोष्ट जरा वेगळी दिसते. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलणं झालं. त्याचं शुगर बीटचं शेत ओढ्याला लागून. बीव्हर रात्री येऊन बीट खातो, मका ओढून नेतो, आणि ओढ्यावर बांध घालतो म्हणून पाणी शेतात शिरतं. वर त्याच्या बिळांमुळे काठ पोकळ होतो, ट्रॅक्टर खचायची भीती. तो चिडलेला होताच, पण त्याला कुणाकडे जायचं ते माहीत होतं. प्रत्येक जिल्ह्यात स्वयंसेवक बीव्हर सल्लागार असतात. ते येऊन झाडाला जाळी लावायला सांगतात, बांधातून पाइप घालून पाण्याची पातळी उतरवतात, काठालगतचा पट्टा मोकळा सोडायला सुचवतात. नुकसानभरपाईला राज्याचा निधी आहे. काहीच जमलं नाही तर परवानगी काढून बीव्हर पकडून मारलाही जातो. हे ऐकायला कडू आहे, पण लपवाछपवी नाही.

हे ऐकताना नवरा गप्प झाला. त्याचं घर जुन्नर तालुक्यात, ओतूरजवळ. धरणांचं पाणी आलं तसा तिथे ऊस वाढला, आणि त्या उसात बिबट्याने घर केलं. मादी तिथेच पिल्लं देते. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. पण शेतीला वीज रात्रीची मिळाली की पाणी द्यायला अंधारातच जावं लागतं, आणि सासूबाई दिवेलागणीनंतर अंगणाबाहेर पाऊल टाकत नाहीत. बीव्हर आणि बिबट्या यांची बरोबरी होत नाही. एक बीट खातो, दुसऱ्याने लेकरं नेली आहेत. तरी दोन्हीकडे जंगली प्राण्याने माणसाच्याच साखरेच्या पिकात जागा शोधलीय, आणि त्याला राहू द्यायचं तर त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकून चालत नाही. शहरातून दुर्बीण घेऊन येणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

त्या रात्री फोनवर सासूबाईंना बीव्हरचा फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, "माणसावर येतो का गं?"

"नाही आई. सहसा पळूनच जातो."

"बरंय बाई." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि त्या म्हाताऱ्याच्या बिटाचे पैसे मिळाले का?"