बाहात्तरास एक

पेण तालुक्यातील डोलवीचा पोलादाचा कारखाना आम्हां रोहेकरांच्या नित्य परिचयाचा. त्याची इस्पात कंपनी जे. एस. डब्ल्यू. स्टीलमध्ये विलीन व्हावयाची असून ७२ शेअरांबद्दल मोठ्या कंपनीचा १ शेअर मिळेल, ही वार्ता सप्टेंबर २०१२ मध्ये आली. पेणेस तेव्हा गणपती रंगविण्याची धांदल. काकूंच्या घरी मात्र सुतकी शांतता. दोन नातींसाठी स्त्रीधनातून त्यांनी ५०० शेअर घेतले होते.

“पाचशांचे सहा?” एवढेच त्या म्हणाल्या. उद्याच विकून टाका, असा बाकीच्यांचा आग्रह.

आम्ही कागद पुढे ओढला. मोठा शेअर समजा ७२० रुपयांस विकतो, तर धाकट्याचे मोल दहाच्या आसपासच राहावयाचे; ठरावाने दोघांची गाठ बांधली. मोठा घसरला की धाकटाही घसरणार. न्यायालयाची संमती मिळेपर्यंत तो दहाच्या किंचित खाली रेंगाळतो, ती किंमत प्रतीक्षेची व धास्तीची. (पत्रिका जुळल्या तरी अक्षता पडेपर्यंत वधूपिता कोठे निश्चिंत असतो?) संख्या घटली म्हणजे धन घटले असे नव्हे.

काकूंनी विकले नाहीत. २०१३ साली विलीनीकरण पुरे झाले. नातींच्या वाट्यास तीन-तीन शेअर आले. उरलेल्या ६८ शेअरांची रोख रक्कम काकूंनी दोनदा मोजून दोन पाकिटांत घातली.