व्याज आणि ओसरी

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे सांगणाऱ्या पूर्वजांना आयकराचा तक्ता भरावा लागत नसावा! आंजी मोठीचे आमचे गळके मातीचे घर पाडून पक्के बांधावे, की शिल्लक सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत टाकावी, हा आमच्याकडचा दर मार्चचा वाद. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जव्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट, बचतीवर दीड लाखापर्यंत. २०२० साली आलेली नवी पद्धत मी पत्करली आणि दोन्ही वजावटी गेल्या. निधीचे व्याज तेवढे करमुक्त राहिले. मी विजयाने हे सांगितले.

“त्या व्याजाच्या ओसरीवर बसता येते का हो?” सौ.ने विचारले.

निधीची मुदत १५ वर्षे; आंजीला राहणाऱ्या आईचे वय ७४. मी मुकाट्याने पंचांग काढले.