संख्येची साक्ष

न्यायालयांत शपथ घेऊन बोलणारा साक्षीदार अडखळतो, घाम पुसतो, वकिलाच्या प्रश्नानें गडबडून जातो. आणि त्यावरूनच त्याच्या बोलण्याचें मोल ठरविणें न्यायाधीशास शक्य होतें. संख्या मात्र कधीं अडखळत नाहीं. ‘लाखांत एक’ एवढें उच्चारलें कीं ऐकणाऱ्याचें तोंडच बंद होतें. फौजदारी खटल्यांत अशा आंकड्यांचा प्रवेश दिवसेंदिवस वाढत आहे. तेव्हां या अबोल साक्षीदाराची उलटतपासणी करावी तरी कशी, हा प्रश्न आतां केवळ पंडितांचा राहिलेला नाहीं.

आमची एक पुतणी डॉक्टरेटसाठीं याच विषयावर संशोधन करीत आहे. संख्याशास्त्रीय पुरावा कोणत्या शब्दांत मांडला असतां त्याचा खरा अर्थ न्यायाधीशापर्यंत पोंचतो, हें तिला शोधून काढावयाचें आहे. गेल्या दिवाळींत ती हिंगोलीस घरीं आली असतां तिनें सर्वांना एक कोडें घातलें. समजा, गुन्ह्याच्या जागीं रक्ताचा डाग सांपडला. तो अपुरा असल्यामुळें त्यांतील डीएनएची खूण लाखांत एका माणसाशीं जुळेल एवढेंच सांगतां येतें. आणि पकडलेल्या इसमाशीं ती जुळली. तर हा इसम निरपराध असण्याचा संभव किती? तिच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनीं, तत्काळ उत्तर दिलें, “लाखांत एक. यांत कोडें तें काय?”

“बाबा, २०११ च्या जनगणनेंत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती,” ती म्हणाली. “त्यांत ही खूण जुळणारीं माणसें किती निघतील?”

हिशेब बोटांवर होण्यासारखा होता. सुमारें १२ माणसें. डागावांचून दुसरा कसलाच पुरावा नसेल, आणि गुन्हेगार जिल्ह्यांतलाच असेल, तर पकडलेला इसम त्या बारांपैकीं एक, एवढेंच म्हणतां येईल. फराळाचें ताट घेऊन आलेल्या वहिनी मध्येंच थांबून म्हणाल्या, “म्हणजे त्यांतले अकरा निरपराधच कीं!” आंकडा तोच, परंतु एका मांडणींत फांशीचा दोर दिसतो आणि दुसरींत अकरा घरें दिसतात.

निरपराध माणसाची खूण जुळण्याचा संभव एक, आणि खूण जुळलेला माणूस निरपराध असण्याचा संभव दुसरा. या दोहोंची गल्लत इतकी सहज होते कीं थॉम्पसन आणि शूमन या दोघां अभ्यासकांनीं १९८७ सालीं तिला ‘सरकारी वकिलाचा हेत्वाभास’ असें नांवच दिलें. इंग्लंडच्या अपील न्यायालयानें १९९६ मध्यें एका निकालांत सुचविलें कीं, ज्यूरीस केवळ प्रमाण न सांगतां, देशांत अशीं किती माणसें असूं शकतील आणि आरोपी त्यांपैकीं एक आहे, अशा शब्दांत सांगावें. आमच्या पुतणीनें जें केलें तें हेंच.

आंकड्याचें दुसरें सोंग याहून क्रूर आहे. इंग्लंडांत सॅली क्लार्क या बाईचीं दोन तान्हीं बाळें एकामागून एक दगावलीं. अशा कुटुंबांत एक मूल अकस्मात् दगावण्याचा संभव ८,५४३ मध्यें एक. म्हणून दोन दगावण्याचा संभव त्या संख्येस तिनेंच गुणून ७ कोटी ३० लाखांत एक, असें एका तज्ज्ञ डॉक्टरानें सांगितलें. १९९९ सालीं तिला जन्मठेप झाली. परंतु हा गुणाकार दोन घटना परस्परांशीं असंबद्ध असतील तरच खरा. एका आईबापांच्या, एका घरांत वाढणाऱ्या दोन भावंडांस तो कसा लागू पडावा? रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनें २००१ मध्यें जाहीर आक्षेप घेतला. दडून राहिलेला वैद्यकीय पुरावा पुढें आल्यावर २००३ मध्यें ती सुटली, आणि २००७ मध्यें वारली.

ही विलायतेची कथा झाली. परंतु संभवावर विसंबण्याचे धोके आमच्या हिंगोलीनें एकोणिसाव्या शतकांतच पाहिले आहेत. तेव्हां येथें निजामाच्या फौजेची छावणी होती. कॅप्टन मेडोज टेलर यानें ठगांवरील आपल्या १८३९ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेंत लिहिलें आहे कीं, छावणींतील हरिसिंग नांवाचा प्रतिष्ठित व्यापारी हाच या भागांतील ठगांचा म्होरक्या होता, आणि टेलरनें स्वतः त्याच्याशीं व्यवहार केला होता. अधिकाऱ्याकडून परवाना घेऊन त्यानें वाटेंत दुसऱ्या व्यापाऱ्यास मारलें आणि त्याचा माल छावणींत उघड विकला. असा इसम खुनी असण्याचा संभव कोणी किती मानला असता? माफीच्या साक्षीदारांनीं जागा दाखविल्या, जमीन खणली, प्रेतें निघालीं, तेव्हां मातीनें साक्ष दिली.

पुढें कंपनी सरकारच्या १८३६ च्या ३० व्या कायद्यानें दुसरें टोक गांठलें. अमुक खून अमक्यानें केला हें दाखविण्याची गरज उरली नाहीं. ठगांच्या टोळीचा माणूस ठरला कीं जन्मठेप. सुक्याबरोबर ओलें जळण्याची वाट अशी मोकळी झाली. समूहावरून व्यक्तीचा निवाडा करण्याचा मोह, तोच आज आंकड्यांच्या पोषाखांत येतो.

आमच्या कायद्यास संभव अपरिचित नाहीं. १८७२ च्या पुरावा कायद्यानें ‘शाबीत’ या शब्दाची व्याख्याच शहाण्या माणसास कृति करण्याजोग्या संभवावर उभारली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमानें ती कायम ठेविली आहे. दुसरीकडे, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें बजाविलें कीं परिस्थितिजन्य पुराव्याची सांखळी अशी हवी कीं आरोपीच्या अपराधावांचून दुसरी उपपत्तीच उरूं नये. आपल्याकडे ज्यूरी राहिलेली नाहीं. म्हणून आंकड्याचा अर्थ न्यायासनावरील व्यक्तीस कसा पोंचतो, यावर कोणाचा तरी सबंध जन्म अवलंबून असतो.

आंकडे न्यायालयांतून हद्दपार करावे असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांनीं निरपराध्यांसहि सोडविलें आहे. परंतु तज्ज्ञानें ‘लाखांत एक’ म्हटलें कीं प्रश्न यावे: या मुलखांत अशीं माणसें किती? त्यांतून इतरांस वगळणारा दुसरा पुरावा कोणता? आरोपीच्या सख्ख्या भावाची खूण कितपत जुळेल? प्रयोगशाळेंत नमुन्यांची अदलाबदल होण्याचा संभव किती? हे प्रश्न साध्या मराठींत विचारतां येतात, आणि त्यांचीं उत्तरेंहि साध्या मराठींत मिळालीं पाहिजेत. जो आंकडा माणसें मोजून सांगतां येत नाहीं, त्याच्या भरंवशावर माणसास शिक्षा देऊं नये.